एका खिळ्यावरची दोन परिपत्रके
(उन्हाची लाट आणि वणवा यांबाबत जिल्हा प्रशासनास खुले पत्र)

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
मा. उपवनसंरक्षक,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय : वणवा लागलेल्या गावाचा निधी रोखण्याचा निर्णय मागे घेणे आणि भर उन्हात आग विझवणाऱ्यांच्या आरोग्याची जबाबदारी निश्चित करणे.

महोदय,

गेल्या सोमवारी आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर दोन परिपत्रके लागली. शिपायाजवळच्या टाचण्या संपल्या होत्या, म्हणून त्याने दोन्ही कागद एकाच खिळ्याला अडकवले. वरचा कागद उष्णतेच्या लाटेचा होता. दुपारी बारा ते चार या वेळेत घराबाहेर पडू नये, कष्टाची कामे टाळावीत, तहान नसली तरी पाणी पीत राहावे, असे त्यात म्हटले होते. खालचा कागद वणव्याचा होता. गावाच्या हद्दीतील जंगलाला आग लागल्यास सर्व सक्षम पुरुषांनी ती विझवण्यासाठी तत्काळ हजर राहावे, आणि या हंगामात ज्या गावाच्या हद्दीत आगीची नोंद होईल त्या गावाच्या समितीचा प्रोत्साहन निधी पुढील आदेशापर्यंत रोखला जाईल, असे त्यात लिहिले होते. वरचा कागद हाताने उचलून धरल्याशिवाय खालचा वाचता येत नव्हता.

आमच्या भागातला वणवा पेटतो तो बहुधा याच बारा ते चारच्या दरम्यान. त्यामुळे ही दोन्ही परिपत्रके पाळणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. दोन्ही कागदांवर एकाच तारखेचे शिक्के आहेत. ते काढणाऱ्या दोन कार्यालयांत जेमतेम एका कुंपणभिंतीचे अंतर आहे, हे जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालणाऱ्या कोणालाही माहीत आहे. तरीही एकाचा कागद दुसऱ्याने वाचलेला दिसत नाही. हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच आहे, आणि ते आपल्याला खासगीत न पाठवता उघडपणे लिहितो आहे, कारण खासगीत पाठवलेल्या आमच्या दोन निवेदनांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे आणि आमच्या ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. पूर्व विदर्भातल्या साग, ऐन, धावडा आणि बांबूच्या रानात माझे सारे आयुष्य गेले. आगीशी लढण्याचा अनुभव मला नवा नाही. वयाच्या बाराव्या वर्षी वडिलांच्या मागे हिरवी डहाळी घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हापासून किती आगी झोडपल्या याचा हिशेब नाही. परंतु गेल्या वर्षीच्या एप्रिलमधील एक दुपार मला वेगळी सांगावी लागेल, कारण त्या दुपारी माझा पुतण्या, वय वर्षे एकोणतीस, आगीने न भाजता जवळजवळ हातचा गेला होता.

दुपारी दीडच्या सुमारास गावामागच्या पहाडीवर धूर दिसला. आम्ही चौदा जण निघालो. जवळ पाच लिटरचे तीन कॅन पाणी होते. पालापाचोळा उडवून रेषा काढण्याचे ब्लोअर यंत्र त्या वेळी परिक्षेत्राच्या दुसऱ्या टोकाला गेलेले होते. बीटचा वनरक्षक आमच्या आधी पोहोचला होता आणि एकटाच डहाळी मारत होता. त्याच्या एका बुटाचा तळ उष्णतेने सुटून लोंबत होता आणि तो त्याने वेलीने बांधला होता. त्याच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही, हे आधीच नोंदवतो. तासाभरात पाणी संपले. तीनच्या सुमारास पुतण्या डहाळी टाकून उभा राहिला आणि म्हणाला, “काका, बैल सावलीत बांधा, ऊन झालं.” आमचे बैल दोन वर्षांपूर्वीच विकले होते. कोणीतरी हसले. मलाही तो गंमत करतो आहे असेच वाटले, आणि ती पाच मिनिटे मला आजही छळतात. मग तो गुडघ्यावर बसला आणि कोसळला.

दोन बांबू तोडून त्यांवर दुपट्टे बांधले आणि त्याला उचलून खाली आणले. १०८ ला फोन लावायला टेकडीच्या माथ्यापर्यंत जावे लागते, कारण खाली रेंज नाही; म्हणून अखेर मालवाहू ऑटोतून त्याला आरोग्य केंद्रात नेले. तिथे ‘उष्माघात कक्ष’ असा नवाकोरा फलक होता. आत दोन खाटा, एक कूलर आणि भिंतीवर काय करावे व काय करू नये याचे रंगीत चित्र. वीज सकाळपासून गेली होती, कूलरच्या टाकीत पाणी नव्हते आणि बर्फ तालुक्याहून मागवावा लागतो असे सांगण्यात आले. तिथल्या सिस्टरबाईंनी आपल्या खोलीतला माठ आणून ओल्या चादरीत त्याला गुंडाळले आणि पुठ्ठ्याने वारा घातला. तो आज आहे तो बहुतेक त्या माठामुळे. त्याच्या केसपेपरवर मात्र लिहिले गेले, ‘चक्कर, अशक्तपणा.’ उष्माघात का नाही, असे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की रुग्णाला घाम येतो आहे, उष्माघातात कातडी कोरडी असते.

या एका वाक्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहू द्यावे, कारण पुढचे सारे त्यावरच अडले. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा बहुधा घाम थांबलेला असतो, हे खरे. परंतु राबताना, धावताना, आगीसमोर डहाळी मारताना तरण्या माणसाला जो उष्माघात होतो त्यात घाम चालू असू शकतो. वैद्यकशास्त्राला हे चांगले ठाऊक आहे. त्यात पाहायच्या गोष्टी दोन : शरीराचे आतले तापमान चाळीस अंशांच्या वर गेले आहे का, आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे का. दुसरी गोष्ट आम्ही चौदा जणांनी कानांनी ऐकली होती. पहिली वेळेत कोणी मोजली नाही, आणि जेव्हा मोजली तेव्हा माठाच्या पाण्याने अंग निवून दीड तास झाला होता. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी त्याची मूत्रपिंडे बिघडल्याचे निघाले, तीन वेळा डायलिसिस करावे लागले. तो वाचला. आता तो उन्हात अर्धा तासही उभा राहू शकत नाही, आणि आमच्याकडे उन्हात उभे न राहता मिळणारी मजुरी अशी जवळजवळ नाहीच.

मदतीसाठी आम्ही दोन ठिकाणी अर्ज केले. एका कार्यालयाने कळवले की अर्जदाराच्या अंगावर भाजल्याच्या जखमा नसल्याने ही वणव्यातील दुखापत मानता येत नाही. दुसऱ्याने कळवले की उष्माघाताचे निदान केसपेपरवर नसल्याने उष्माघाताच्या नोंदवहीत नाव घेता येत नाही. दोन्ही पत्रे नियमाला धरून आहेत. मी ती अनेकदा वाचली आणि त्यांत शाब्दिक चूक मला सापडली नाही. आगीच्या वहीत तो नाही, कारण तो भाजला नाही. उन्हाच्या वहीत तो नाही, कारण तो घामाने भिजलेला होता. आपल्या दफ्तरी वणवा आणि ऊन या दोन वेगळ्या फायली असतील. आमच्याकडे ती एकच दुपार असते.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही आहे. बाकीच्या तिच्यातूनच निघतात.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार सपाट प्रदेशात पारा किमान चाळीसवर असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला असेल, किंवा थेट पंचेचाळीसला पोहोचला असेल, तर उष्णतेची लाट म्हणतात. सत्तेचाळीसला तीव्र लाट. ही व्याख्या देशासाठी ठीक असेल. विदर्भात मात्र एप्रिलच्या उत्तरार्धात चाळीस-बेचाळीस ही रोजचीच गोष्ट, त्यामुळे त्रेचाळीस-चव्वेचाळीसचे आठ-आठ दिवस कोणताही इशारा न लागता निघून जातात. शिवाय हे तापमान मोजतात ते सावलीत, हवेशीर लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकावर. त्या पेटीसमोर चार हातांवर सागाचा पाला जळत नसतो. नवी मुंबईत खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या, उघड्यावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर सरकारी आकड्यानुसार चौदा माणसे दगावली, तेव्हाही पारा पंचेचाळीसला टेकलेला नव्हता, आणि ती माणसे तर नुसती बसलेली होती. तेव्हा ‘इशारा नव्हता’ हे उत्तर आग विझवणाऱ्यांच्या बाबतीत आपण देऊ नये. त्यांच्यासाठी मोजमापाची रेषा वेगळी हवी, आणि ती ठरवण्याचा अधिकार जिल्ह्याला आहे.

अहमदाबादेने हे करून दाखवले. तिथे मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले, आणि २०१३ मध्ये त्या शहराने स्वतःच्या मृत्यूंच्या आकड्यांवरून स्वतःची इशारापातळी ठरवून उष्णता कृती आराखडा अमलात आणला. नागपूरनेही पुढे तसा आराखडा केला. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सोसलेल्या शहराला तो हवाच होता. पण हे सारे आराखडे शहरांचे आहेत. त्यांत रिक्षावाला आहे, वाहतूक पोलीस आहे, फेरीवाला आहे, बागा दुपारी उघड्या ठेवण्याची सूचना आहे. जंगलात डहाळी मारणारा त्यांत नाही. आमच्या जिल्ह्याच्या आराखड्याची प्रत मी मिळवून वाचली. ‘वन विभाग’ या शीर्षकाखाली त्यात वन्यप्राण्यांच्या पाणवठ्यांत टँकरने पाणी सोडण्याविषयी चार ओळी आहेत. पाणवठे भरावेत, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच जंगलात त्याच दुपारी जाणाऱ्या दोन पायांच्या जनावरासाठी एक ओळ तरी असावी, एवढे म्हणण्याचा हक्क मला असावा.

वणव्यात माणसे मरतात, ही नुसती कल्पना नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्यात तीन हंगामी वनमजूर आगीत गेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात चार वनकर्मचारी एकाच वेळी गेले. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील कुरंगणीला डोंगर चढायला गेलेल्यांना वणव्याने गाठले आणि वीसहून अधिक जण दगावले. आग चढावर धावते, खालून वर जाणाऱ्याला ती मागे टाकते, वारा फिरला की पुढची रेषा मागे येते. जुनी माणसे हे जाणत, म्हणून ती भर दुपारी समोरून भिडत नसत. सूर्य कलला, वारा पडला, हवेत थोडा ओलावा आला की पहाटेपर्यंत पाला झाडून आगीला वाट अडवत. आज वरून फोन येतो, ‘उपग्रहावर ठिपका दिसतो आहे, तासाभरात विझवून फोटो टाका.’ भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे उपग्रहावरून मिळणारे इशारे ही मोलाची सोय आहे आणि तिने कितीतरी जंगल वाचले असेल. पण त्यातला एक महत्त्वाचा उपग्रह आमच्यावरून जातो तो दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास. म्हणजे दिवसाचा ठिपका उमटतो आणि माणसे निघतात ती नेमकी सर्वांत वाईट घटकेला. ठिपक्याला उत्तर देण्याची घाई, असे त्याचे रूप झाले आहे. वस्तीला धोका असेल तर क्षणाचाही विलंब नको. पण निर्मनुष्य उतारावर जमिनीलगत सरपटणारा पाल्याचा वणवा संध्याकाळी सहा वाजता रेषेवर अडवला तर काय बिघडते, याचे उत्तर मला कोणी अधिकाऱ्याने एकदा शांतपणे द्यावे.

आता आमच्या दोषाकडे येतो. ते टाळून हे पत्र लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आमच्याकडचे वणवे विजेने वा बांबूवर बांबू घासून लागत नाहीत. बहुतेक माणसाच्या हातून लागतात, आणि त्यातले बरेच आमच्या हातून. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळतात. वाळक्या पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला जाळून जमीन मोकळी करतात. माझी आई हे करत असे. ती आधी झाडाभोवती हातभर रुंदीचा पट्टा झाडून घेई, पाला मधोमध ओढून भल्या पहाटे, वारा नसताना पेटवी आणि राख विझेपर्यंत खराटा घेऊन उभी राही. आज एकेका घराची वीस-पंचवीस झाडे आणि वेचायला घरात दोन म्हाताऱ्या, कारण तरणी पोरे तेलंगणात मिरची तोडायला गेलेली. त्या काडी लावून पुढच्या झाडाकडे जातात. तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानाचा, कोवळा, बिनडागी पाला यावा म्हणून आग घालणारेही आहेत, आणि त्यामागे फक्त गावकऱ्याचा फायदा नसतो. विडीचे थोटूक आहे. आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या हद्दीत लागलेली सर्वांत मोठी आग खुद्द जाळरेषा (आग अडवण्यासाठी आधीच जाळून मोकळा ठेवायचा पट्टा) जाळताना निसटलेली होती, कारण १५ फेब्रुवारीपूर्वी उरकायचे ते काम मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, वारा सुटल्यावर, चालले होते. त्या आगीचा गुन्हा कोणावर दाखल झाला नाही, आणि व्हावा अशीही माझी मागणी नाही. दोष वाटून घेऊ या, एवढेच म्हणतो.

मोहाच्या झाडाखाली जाळी अंथरली की पाला जाळावा लागत नाही आणि फुलेही स्वच्छ मिळतात. जिथे वन विभागाने अशा जाळ्या वाटल्या तिथे लोकांनी त्या वापरल्या. नसतील तर जुनी लुगडी जोडूनही काम भागते. आमच्या गावाने जाळ्यांची मागणी दोन हंगामांपूर्वी केली. जाळ्या आल्या नाहीत, परिपत्रक आले. माझ्या शेजारच्या म्हातारीने ते माझ्याकडून वाचून घेतले आणि विचारले, “गुरुजी, कागद अंथरू का झाडाखाली?” ती वाकड्यात बोलत नव्हती, तो कागद तिला खरोखर मोठा आणि जाड वाटला होता.

निधी रोखण्याच्या निर्णयाविषयी माझा आक्षेप केवळ पैशांचा नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असणाऱ्याने आगीची खबर देणे आणि ती विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. आम्ही ते कलम नसते तरी केले असते, कारण चारोळी, मोह, बांबू आमचाच जळतो. परंतु आगीची ‘नोंद’ झाली की निधी थांबणार असेल, तर शहाणे गाव काय करील? वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करणार नाही. चार जण गुपचूप जातील, जमेल तेवढी विझवतील, न जमली तर शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलतील, आणि कोणी कोसळले तर तो शेतात पडला असे सांगतील. गेल्या पंधरवड्यात अशी एक गोष्ट माझ्या कानावर आली आहे. गावाचे नाव मी सांगणार नाही. शिक्षा आग लावण्याला नसून आग कळवण्याला आहे, असा अर्थ लोकांनी काढला आहे, आणि परिपत्रकाची भाषा पाहता तो चुकीचा आहे असे मला म्हणवत नाही.

वनहक्क कायद्याने २००६ मध्ये ग्रामसभेला आपले जंगल राखण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, त्यानंतर आमच्यासारख्या अनेक गावांना. आगीपासून जंगल राखायचे काम ग्रामसभेला भागीदार म्हणून सोपवले तर ती ते करते. हजेरीपटावरचा फुकटचा मजूर म्हणून सोपवले तर करत नाही. आगीवर नजर ठेवणाऱ्या हंगामी मजुराला, म्हणजे फायर वॉचरला, निदान मजुरी तरी मिळते, मग ती पावसाळ्यात का होईना. ग्रामसभेच्या वतीने गेलेल्या माणसाला मजुरीही नाही, विमाही नाही.

धुराविषयी थोडे. एप्रिलच्या रात्री वारा पडला की धूर खोलगट भागात साचतो, आणि आमची गावे नाल्याकाठी, खोलगट भागातच आहेत. उकाड्यामुळे सारे अंगणात निजतात. आत निजावे तर पत्र्याखाली भाजते, बाहेर निजावे तर पहाटेपर्यंत खोकला. डोळ्यांना न दिसणारे, अडीच मायक्रॉनहूनही बारीक कण या धुरात असतात आणि ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. दिवसभराच्या सरासरीने त्यांची देशातली मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. आमच्या अंगणात ते किती असतात हे मोजणारे यंत्र आसपास नाही, म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून आजार नाही. दमेकरी, क्षयाचे औषध घेणारे, गरोदर बाया यांची यादी आशाताईंच्या वहीत आहे. वणवा लागला की त्या यादीचे काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

या यादीत आणखी एक नाव आमच्या भागात हमखास लागते, ते सिकलसेलचे. घरटी नाही तरी पाड्यागणिक रुग्ण आहेत. शरीरातले पाणी घटले की विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा सुरू होतात. अशा माणसाला चव्वेचाळीस अंशांत डहाळी घेऊन पाठवणे म्हणजे काय, हे आरोग्य विभागाला मी सांगावे असे नाही. पण ‘सर्व सक्षम पुरुष’ या शब्दांत तो येतो, कारण कळा नसतात तेव्हा तो इतरांसारखाच दिसतो. आमच्या चौदा जणांत एक असा होता. त्याने त्या दिवशी सांगितले नाही. नंतर दोन दिवस तो कण्हत पडला होता तेव्हा कळले.

मे महिन्यातील तेंदूच्या हंगामाविषयी स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. पहाटे तीनला निघून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून बाया जेव्हा फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागी, येतात तेव्हा दुपार झालेली असते, आणि मोजणीच्या रांगेला ना मांडव ना पिण्याचे पाणी. ती सोय ठेकेदाराने करायची की ग्रामसभेने, हा वाद गेली कित्येक वर्षे त्याच उन्हात उभा आहे.

आता मागण्या. त्या फार नाहीत, आणि त्यातल्या बहुतेकांना नवा कायदा लागत नाही.

निधी रोखण्याचे कलम विनाअट मागे घ्यावे, आणि आगीची खबर पहिल्यांदा देणाऱ्या गावाला त्या खबरीचा त्रास होणार नाही असे लेखी जाहीर करावे.

पारा बेचाळीसच्या वर असेल त्या दिवशी दुपारी बारा ते चार या वेळेत, वस्तीला वा माणसांना धोका असल्याखेरीज, कोणालाही आगीसमोर पाठवू नये. पाठवणे भागच असेल तर वीस मिनिटे काम आणि वीस मिनिटे सावली, माणशी ताशी किमान एक लिटर पाणी, ओआरएसची पाकिटे, आणि तुकडीत एक माणूस असा, ज्याच्याकडे डहाळी नसेल; त्याने फक्त इतरांचे चेहरे आणि बोलणे पाहायचे. आमच्यात असा एक जण असता तर बैलाच्या गोष्टीवर कोणी हसले नसते.

उष्माघात कक्षाच्या फलकाखाली बर्फाची पेटी, चालू इन्व्हर्टर, पाण्याने भरलेली टाकी आणि तापमापक आहे की नाही, याची तपासणी १ मार्चला आणि नंतर दर पंधरा दिवसांनी व्हावी, आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. रुग्ण आला की आधी त्याचे तापमान मोजून वेळेसह लिहावे, लगेच त्याला थंड करावे, आणि त्यानंतरच पुढे हलवावे. घाम येतो म्हणून उष्माघात नाही, असे कोणत्याही केसपेपरवर पुन्हा लिहिले जाऊ नये, यासाठी सर्व आरोग्य केंद्रांना स्पष्ट सूचना जाव्यात.

वणव्याच्या अहवालात एक रकाना वाढवावा : आग विझवताना वा त्यानंतर अठ्ठेचाळीस तासांत कोण आजारी पडले. त्या रकान्यातल्या माणसाला, तो मजुरीवर असो वा ग्रामसभेतर्फे गेलेला असो, भाजल्याची खूण मागितली जाऊ नये. आपत्ती निधीतून मदत मिळणाऱ्या आपत्तींच्या केंद्रीय यादीत आग होती आणि १५ व्या वित्त आयोगाच्या काळात उष्णतेची लाट नव्हती, हे मला माहीत आहे. पण राज्याला आपल्या निधीतील दहा टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तीसाठी वापरता येते, हेही मी वाचले आहे. जिल्ह्याने तसा प्रस्ताव पाठवला आहे का, एवढे कळवावे.

जाळरेषांची कामे १५ फेब्रुवारीपूर्वी, ग्रामसभेला सोबत घेऊन आणि मजुरीची रक्कम हातात ठेवून पूर्ण व्हावीत. मोहाच्या जाळ्या पुढच्या हंगामात फेब्रुवारीअखेर पोहोचाव्यात. एप्रिलमध्ये आलेल्या जाळीत फक्त पाला पडतो. सिकलसेल, दमा, क्षय आणि गरोदर महिला यांच्या यादीवरून धुराच्या दिवसांत घरभेट देण्याचे काम आशाताईंना मानधनासह द्यावे, आणि ‘सक्षम’ कोण हे ठरवताना ती यादी पाहावी, अर्थात रुग्णाची गुप्तता राखून.

आणि माझ्या पुतण्याचा अर्ज पुन्हा उघडावा. मी हे त्याच्या एकट्यासाठी मागत नाही. पण ज्याच्यामुळे हे सारे मला कळले त्याचे नाव यादीत शेवटी तरी असावे.

येत्या रविवारी आमची ग्रामसभा आहे आणि विषयपत्रिकेवर हा एकच विषय आहे. आपण तिघांनी, किंवा आपल्या वतीने निर्णय घेऊ शकणाऱ्या अधिकाऱ्यांनी, एकत्र यावे, अशी विनंती करतो. वेगवेगळे येणार असाल तर येऊ नये, कारण वेगवेगळी उत्तरे आमच्याजवळ आहेतच. सभा सकाळी सहाला सुरू होईल. कृपया वेळेवर यावे. आठनंतर मंडपात बसवत नाही.

आपला,
ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीचा एक सदस्य
(निवृत्त प्राथमिक शिक्षक)